साउंड पार्टी

“कशी आहे म्हणालास पार्टी?... साउंड? साउंड ना? बस्स! पुढचं राहू दे. रविवारी घेऊन ये.”

अण्णांनी फोन ठेवला आणि पोस्टात रांगेला उभ्या असलेल्या माणसांकडं अशा नजरेनं बघितलं, जणू माझी वरात पारावरून निघालीच होती. रांगेतल्या एका पेन्शनरांनी तिकिटाला थुंकी लावता लावता विचारलं, “पेढे कधी, मास्तर?” अण्णा म्हणाले, “कळेल.”

आमचे अण्णा, म्हणजे नारायण पोरे, कोरेगावच्या पुढच्या एका आडगावात सब-पोस्टमास्तर होते. पुढच्या दोन खोल्यांत पोस्ट, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. गावातला एकुलता एक फोन अण्णांच्या टेबलावर असायचा आणि त्याला एक खोड होती. शब्दाचं शेपूट तो खाऊन टाकायचा. कुणाची लेक बाळंत झाल्याचा फोन आला, तर मुलगा झाला की मुलगी हे कळायला दोन्हीकडून घसा फुटेपर्यंत ओरडावं लागायचं.

अण्णांना मात्र ओरडायची सवय नव्हती. आयुष्यभर लोकांच्या तारांचे शब्द मोजून मोजून त्यांचं बोलणंही तसंच झालं होतं. घरातून जाताना “निघालो”, आल्यावर “आलो”. जेवताना नुसतं “मीठ” म्हणायचे. कमी पडलंय की जास्त झालंय, हे आईनं त्यांच्या तोंडाकडं बघून ओळखायचं. असा माणूस फोनवर “बस्स” म्हणाला म्हणजे त्याला खरोखरच बस्स झालं होतं.

त्याला कारणही होतं. माझ्या थोरल्या बहिणीचं, विमलताईचं लग्न झालं तेव्हा त्या लोकांचा दुमजली बंगला, दारात बुलेट, सासऱ्याच्या बोटात पोवळं, सगळं बघून आम्ही दिपून गेलो होतो. लग्न झालं आणि महिन्याभरात बंगल्यावरचं छप्परसुद्धा गहाण असल्याचं कळलं. ताई आता दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावून घर चालवत होती. ती माहेरी आली की अण्णा पोस्टात जाऊन बसायचे, सुट्टी असली तरी. तेव्हापासून माझ्या स्थळाबाबत त्यांची एकच अट होती. मुलगा काळा असो, गोरा असो, बुटका असो, पार्टी साउंड पाहिजे.

मी त्या वर्षी बी. ए.ला होते, इंग्रजी घेऊन. शिंगं नुकतीच फुटली होती. त्यामुळं त्या दिवशी दुपारी मी अण्णांना म्हणाले, “अण्णा, साउंड हे विशेषण तुम्ही चुकीचं वापरता.”

“का?”

“साउंडचा अर्थ पैसेवाला असा होत नाही. साउंड झोप म्हणजे गाढ झोप. साउंड सल्ला म्हणजे विचार करून दिलेला सल्ला. मृत्युपत्रात साउंड माइंड म्हणतात, म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला.”

“अजून?”

“अजून मार. साउंड थ्रॅशिंग म्हणजे सणसणीत मार.”

“तो अर्थ तुझ्यासाठी ठेवलाय,” अण्णा म्हणाले आणि शिक्के मारायला बसले.

आई आतून म्हणाली, “अगं, अर्थ काढत बसू नकोस. साडीचा फॉल उसवलाय, तो बघ आधी.”

रविवारी निवृत्तीमामा पाहुण्यांना घेऊन आला. मामा आईचा भाऊ, फलटणला शिलाईचं दुकान चालवायचा. स्थळ त्याच्या शेजारचंच होतं. मुलगा जयवंत माळवदे, उंचेला, शिडशिडीत, शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून बसलेला. बरोबर त्याची आई, गोदाक्का. वडील नव्हते. गोदाक्का साधं “पाणी द्या” म्हणाली तरी शेजारच्या घरातून कुणीतरी तांब्या घेऊन यावं, इतका तिचा आवाज मोठा. मला वाटलं, कानानं कमी असेल बिचारी.

मी आत उपीट ताटल्यांत भरत होते. मधल्या दाराला पडदा होता, म्हणजे ऐकायला सगळं मोकळं होतं.

“निवृत्तीनं सांगितलं, तुम्ही साउंड,” अण्णांनी सुरुवात केली.

“हो. वडिलांनी सुरू केलं. आता मीच बघतो,” जयवंत म्हणाला.

“किती?”

“तीन सेट आहेत.”

फोनवर शेपटं तुटलेले शब्द ऐकून अण्णांच्या कानाला ते शब्द आपल्या मनानं पुरे करून घ्यायची सवय लागली होती. त्यांना ‘तीन शेतं’ ऐकू आलं. पडद्याआडून मलाही तसंच ऐकू आलं, हे मी आजही कबूल करते.

“वा. पाण्याचं कसं?”

“पाण्याला फार जपावं लागतं. अवकाळी पाऊस आला की ताडपत्र्या घेऊन पळापळ होते. एकदा आत पाणी गेलं की सगळंच गेलं.”

“द्राक्षं,” अण्णा स्वतःशीच पुटपुटले. फलटण भागात द्राक्षांचे मळे होते, तेव्हा त्यात काही वावगंही नव्हतं. “गडी?”

“दोघं आहेत. पण मांडवात वर बांधायचं असलं की मीच चढतो. दुसऱ्याचा भरवसा नाही.”

द्राक्षाला मांडव असतोच. अण्णांचा “हं” ऐकू आला. तेवढ्यात गोदाक्का गरजली, “आवं, रात रात जागतंय पोरगं! सीझनला घरला येत न्हाई!”

“राखण लागतेच,” अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात मी कित्येक वर्षांत न ऐकलेलं काहीतरी होतं. बहुतेक आनंद असावा. ओळखीचा नव्हता.

मी ताटल्या घेऊन बाहेर गेले. गोदाक्कानं स्वयंपाकाचं विचारलं, शिवणकामाचं विचारलं, माझी वेणी खरी आहे का तेही विचारलं. शेवटी मामा म्हणाला, “जयवंता, तुला काही विचारायचं असंल तर विचार.”

त्यानं वर बघितलं. “तुम्हाला आवाजाचा त्रास होतो का?”

बघायला आलेल्या मुलांनी मला गाणं येतं का, नोकरी करणार का, असं बरंच काही विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

“कुठल्या आवाजाचा?” मी म्हणाले.

“घरातल्या. आमच्या घरी आवाज फार असतो.”

“आवाज कशाचा आहे, त्यावर आहे. भांडणाचा होतो. बाकी नाही होत.”

तो हसला. हसताना बाही वर सरकली आणि मला त्याची बोटं दिसली. टोकांवर भाजल्याचे बारीक बारीक डाग होते. द्राक्षं तोडून बोटं भाजत नाहीत, एवढं मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मी बोटांकडं बघत होते ते वेगळ्याच कारणानं. मला तो आवडला होता.

पसंती विचारायची कुणाला गरजच पडली नाही. आईनं ताटात हळदकुंकू, खण, नारळ, सुपारी मांडून आणली. सुपारी फुटली की सोयरिक पक्की. मग मागं फिरणं नाही. अण्णांनी अडकित्ता हातात घेतला. आणि शब्द वाचवणारा तो माणूस त्या दिवशी उधळपट्टीला उठला.

“निवृत्ती, उपकार झाले बाबा. बागायतदार जावई, तोही तीन तीन शेतांचा! आता मला घोर नाही.”

“थांबा, मास्तर,” जयवंत म्हणाला.

गोदाक्कानं त्याचा शर्ट मागून ओढला. तिच्या मानानं ती हळूच बोलली, म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “गप की! बोलू दे त्येंना. फुटू दे सुपारी.”

“नाही, आई. मास्तर, तुमची ऐकण्यात गल्लत झालीय. शेत नाही, सेट. लाउडस्पीकरचे सेट. लग्नात, जत्रेत, निवडणुकीत लावतो ते. मंजूळ साउंड सर्व्हिस. जमीन म्हणाल तर माझी एक गुंठाही नाही. आणि घर भाड्याचं आहे.”

घराचं त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

अण्णांनी अडकित्त्यातली सुपारी हळूच काढून ताटात ठेवली. “निवृत्ती, तू साउंड म्हणालास.”

“साउंडचीच पार्टी म्हणलो की, दाजी! साउंड-ची! चारदा ओरडलो. तुम्ही म्हणला, पुढचं राहू दे.”

त्या ‘ची’नं आमचा घात केला होता. फोननं एक अक्षर खाल्लं आणि नामाचं विशेषण झालं. व्याकरणात हे एका ओळीत शिकवतात. आमच्या घरात मात्र त्यावर उपीट गार झालं.

अण्णा उठले. “कळवतो,” म्हणाले.

मुलगी बघण्याच्या व्यवहारात ‘कळवतो’ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. गोदाक्का पदर सावरत उठली. उंबऱ्यात चपला घालताना लेकाला म्हणाली, “बापावर गेलाईस बघ अगदी. त्योबी असाच भीक मागत मेला खरं बोलून.” जयवंतनं माझ्याकडं बघून मान किंचित झुकवली आणि गेला. मी आत येऊन रिकाम्या ताटल्या उगीचच पुन्हा पुन्हा विसळत बसले.

दिवेलागणीला अण्णा ओट्यावर बसले होते. मी तुळशीपाशी दिवा लावला आणि परत आत न जाता त्यांच्यासमोर उभी राहिले.

“अण्णा, ते स्थळ मोडू नका.”

“ऐकलंस ना. भाड्याचं घर.”

“ऐकलं. त्यानंच सांगितलं म्हणून ऐकलं.”

“विमलचं काय झालं ते बघतेस ना? पुन्हा तेच बघायचं बळ नाही माझ्यात.”

“ताईच्या वेळी अडकित्ता तुमच्याच हातात होता,” मी म्हणाले. “तेव्हा समोरून कुणी ‘थांबा’ म्हणालं होतं?”

अण्णांनी कंदिलाची वात उगीचच खाली-वर केली. मग त्यांनी विचारलं, “तुझ्या त्या डिक्शनरीत, पैसेवाला हा अर्थ कितवा?”

“नाहीच आहे. आर्थिक बाबतीत साउंड, असं आधी जोडून सांगावं लागतं. एकट्या साउंडला तो अर्थ नाही.”

“मग एकट्याला कुठला?”

“पहिला अर्थ म्हणजे न तडकलेलं. मडकं घेताना आई टिचकी मारून बघते ना, तसं. आतून बाहेरून एकसारखं.”

“म्हणजे खणखणीत.”

मी बघतच राहिले. बी. ए.ला तीन वर्षं घालवून मला तो शब्द सुचला नव्हता. “हो, अण्णा. खणखणीत.”

“मग तसं सांगावं माणसानं,” अण्णा म्हणाले आणि कंदील घेऊन पोस्टात गेले.

सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं फलटणला तार केली. मी विचारलं, “काय लिहिलं?” म्हणाले, “कळवलं. गुरुवार.” त्यांचा चेहरा मात्र मोकळा दिसत होता. आईनं गुरुवारच्या स्वयंपाकाला पुरण घालायचं ठरवलं, विमलताईला निरोप गेला, आणि मी तीन दिवस जमिनीपासून वीतभर वरून चालले.

गुरुवारी सकाळी दारात टेम्पो थांबला. अण्णा पुढं पोस्टात खिडकीवर बसलेले. आई आणि ताई चुलीपाशी. मी नव्या साडीच्या निऱ्या घालत होते. बाहेर कसलीशी खुडबुड चालली होती, पण सोयरे आले की खुडबुड होतेच. मग अंगणातून आवाज आला, “हॅलो, हॅलो. वन, टू, थ्री. हॅलो.” तो नुसता अंगणातून आला नाही, देवळामागूनही आला, आणि ओढ्यापलीकडनं उलटा परतही आला.

मी खिडकीतून बघितलं. आमच्या कडुलिंबाला शेंड्याजवळ दोन कर्णे बांधलेले होते. जयवंत झाडावरून उतरून हात पुसत होता, वायरी सोल्डर करताना बोटं भाजलेले तेच हात. ओट्यावर माइक उभा होता, त्याच्या मानेला लाल फडकं बांधलेलं. बरोबर एक गडी. गोदाक्काचा पत्ता नव्हता.

अण्णा मागच्या दारानं धावत आले. “हे काय?”

“सेट,” जयवंत म्हणाला. “गावाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल, मास्तर. काळजी करू नका. सुपारी कशाची आहे? सत्यनारायण की बारसं?”

आमच्याकडं सुपारी फोडतात ती सोयरिकीला. आणि सुपारी देतात ती तमाशाला, बँडवाल्याला, लाउडस्पीकरवाल्याला, कार्यक्रम ठरवताना. एकच सुपारी. त्यानं खिशातून तार काढून अण्णांपुढं धरली. अण्णांच्या मोजक्या इंग्रजीत तीत लिहिलं होतं, ‘साउंड ॲक्सेप्टेड. कम थर्सडे.’

पार्टी साउंड ॲक्सेप्टेड, असं त्यांना म्हणायचं होतं. ‘पार्टी’ हा शब्द त्यांनी वाचवला होता. विशेषणाच्या पुढचं नाम काढून घेतलं की ते विशेषण स्वतःच नाम होऊन बसतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा फोननं नामाचं विशेषण केलं, ह्या वेळी अण्णांनी विशेषणाचं नाम करून हिशोब चुकता केला.

“आई म्हणाली, त्यांनी नाही म्हटलं आणि तू त्यांच्याच दारात कर्णे बांधायला जातोस?” जयवंत म्हणाला. “मी म्हटलं, पोरगी दिली नाही, पण मास्तरांनी धंदा तरी दिला. मनात काही ठेवलं नाही त्यांनी. चांगला माणूस आहे.”

अण्णा ओट्यावर मटकन बसले, माइकच्या शेजारीच. आणि मग ते बोलायला लागले.

“जयवंतराव, ऐका. मला तुमचे कर्णे नको होते. तुम्ही हवे होतात. मी घाबरट माणूस आहे. माझ्या विमलला मी नीट चौकशी न करता देऊन टाकली. पोर दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावते आणि मला चकार शब्द बोलत नाही. ती माहेरी आली की मी पोस्टात लपतो, माहीत आहे का? तिच्या तोंडाकडं बघवत नाही म्हणून लपतो. तेव्हापासून मी साउंड साउंड करत बसलो. आणि जो माणूस साउंड निघाला त्याला ‘कळवतो’ म्हणून परत पाठवलं. तुम्ही सुपारी फुटू दिली असती तर मला काहीच करता आलं नसतं. पण तुम्ही थांबा म्हणालात. तसं विमलच्या वेळी कुणी म्हणालं नाही हो. मीसुद्धा नाही म्हणालो.”

अण्णांचं एवढं लांब बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि ते मी घरातून ऐकत नव्हते. कडुलिंबावरून ऐकत होते. सगळं गाव ऐकत होतं. माइक चालू होता.

पोस्टापुढची रांग खिडकी सोडून आमच्या कुंपणाशी येऊन उभी राहिली होती. पेन्शनर आजोबा डोळ्यांना धोतराचा सोगा लावत होते. विमलताई पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली, ओट्यावर अण्णांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. अण्णा ह्या वेळी उठून कुठंही गेले नाहीत. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तो हात साडीवरून फिरल्याचा आवाजसुद्धा झाडावरून येत होता.

सुपारी त्याच दिवशी फुटली. गोदाक्काला आणायला तोच टेम्पो परत पाठवला. ती आली आणि माइकविना सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली, “बघा, म्हणलं न्हवतं मी, खऱ्याला मरान न्हाई!” तिनं तसं काही म्हटलं नव्हतं, पण तो विषय कुणी काढला नाही.

ह्याला आता खूप वर्षं झाली. अण्णा गेले, तो फोन गेला, तार गेली. मी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि प्रत्येक वर्गाला साउंड ह्या विशेषणाचे सगळे अर्थ पाठ करायला लावले. घरात आवाज भरपूर असायचा, भांडणाचा सोडून.

परवा जुन्या माळ्यावर तो लाल फडक्याचा माइक सापडला. तेव्हा मी ह्यांना पहिल्यांदाच विचारलं, “त्या दिवशी अण्णा बोलायला लागले, तेव्हा माइक चालू आहे हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं?”

“आलं होतं की. पहिल्या शब्दालाच,” हे फडक्यावरची धूळ झटकत म्हणाले.

“मग बंद का नाही केला?”

ह्यांनी फडक्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

“साउंड चांगला येत होता,” म्हणाले.